उलाळ गाडी आणि तांबडा दिवा

नांदेडच्या पूर्वेस वीस-बावीस किलोमीटरांवर वसलेल्या मुदखेडची आजची ख्याती फुलांची आहे. परंतु गेल्या सव्वाशे वर्षांतला या गावाचा इतिहास ज्याला लिहावयाचा असेल त्याने फुलांच्या मळ्यांपेक्षा रेल्वेच्या मालधक्क्याकडे, आणि त्या धक्क्याच्या दिशेने काळ्या मातीतून वाट काढीत येणाऱ्या गाड्यांकडे, अधिक लक्ष द्यावे असे मला वाटते. राजेरजवाड्यांच्या स्वाऱ्या लिहिणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही; पण त्या स्वाऱ्यांमागून जे धान्य, मीठ आणि दाणावैरण चालत असे ते कोणी रचले, कोणी बांधले, आणि वाटेत काही बिघडते आहे हे त्याला कशावरून उमगत असे, हे लिहून ठेवण्याची तसदी सहसा कोणी घेतलेली नाही.

आरंभ तांड्यांपासून करावा लागतो. गोदावरीच्या उत्तरेस भोकर, किनवट, माहूरकडे पसरलेल्या मुलखात आजही ज्या बंजारा समाजाची वस्ती दाट आहे, त्याच समाजाच्या पूर्वजांनी रेल्वे येण्यापूर्वीच्या काळात दक्षिणेतील अवजड मालाची वाहतूक आपल्या बैलांच्या पाठीवर पेलली होती. सतराव्या शतकात हिंदुस्थानभर हिंडलेल्या टॅव्हर्निअर नावाच्या फ्रेंच जवाहिऱ्याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचे नमूद केले आहे, आणि अशा तांड्याशी अरुंद वाटेवर गाठ पडली तर तो पुढे सरकेपर्यंत प्रवाशाला दोन-तीन दिवस खोळंबावे लागे असेही तो सांगतो. एका बैलाच्या पाठीवर तीनशे ते साडेतीनशे लिव्र, म्हणजे आजच्या हिशेबाने दीडशे ते पावणेदोनशे किलो वजन असे. हे वजन दोन गोण्यांत विभागून पाठीच्या दोन्ही अंगांस लोंबते ठेवीत, आणि या विभागणीतच त्या धंद्याचे सारे मर्म होते. एक गोण दुसरीहून जड झाली की पलाण घसरे, घसरलेल्या पलाणाखाली कातडे सोलवटे, आणि सोलवटलेला बैल चार मजलांत तरी बसकण मारी. ओझे चुकीचे रचले आहे ही इत्तला ओझे वाहणाराच, आपल्या देहाने, विलंब न लावता देत असे. मुक्कामाच्या जागी गोण्या उतरवून त्यांचीच तटबंदी रचीत, त्यामुळे प्रत्येक गोण रोज माणसाच्या हाताखालून जाई. रोज सायंकाळी उतरणे आणि रोज पहाटे नव्याने लादणे हा आजच्या दृष्टीने श्रमाचा अपव्यय वाटेल, पण मालाची त्याहून काटेकोर तपासणी पुढे कोणत्याही सरिश्त्याने केलेली नाही.

बैलगाडीने ओझे पाठीवरून चाकांवर आणले आणि एक नवा प्रश्न उभा केला. दोन चाकांच्या गाडीत सारा भार आखावर तोललेला असतो. आखाच्या मागे माल अधिक झाला तर गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाऊन बैलांच्या गळ्यातली जोती आवळतात, आणि चढणीवर हा प्रकार झाला तर बैल अक्षरशः टांगले जातात. पुढे अधिक झाला तर सर्व बोजा मानेवर येऊन दोन कोसांतच खांदे सुजतात. म्हणून जाणता गाडीवान प्रथम जड पोती आखाच्या बरोबर वर ठेवी, हलका माल पुढेमागे पसरी, शेवटी स्वतः धुरेवर बसून आपल्याच वजनाने उरलेसुरले साधून घेई, आणि चढण लागली की पुढे सरके, उतार लागला की मागे. पावसाळ्यात गोदाकाठच्या काळ्या जमिनीत गाड्या आरीपर्यंत रुतत, त्यामुळे मराठवाड्यातला भरगच्च गाडीवाटेचा हंगाम दसऱ्यानंतरच सुरू होई. या गाडीला दिवा एकच, आखाखाली टांगलेला कंदील; त्याच्या उजेडात वाट दिसण्यापेक्षा गाडी इतरांस दिसणे हाच त्याचा खरा उपयोग. यंत्राच्या प्रकृतीची खबर देण्यास मात्र दिव्याची गरज नव्हती, कारण आखाचे वंगण सुकले की चाक करकरू लागे, आणि तो आवाज अर्ध्या शिवारात ऐकू जाई. गाडीला वंगणाचे नळकांडे टांगलेले असे, त्यातले एरंडेल तेथल्या तेथे घातले की चाक गप्प होई. आजच्या मोटारीत तेलाचा दाब घसरला म्हणजे जो तांबडा दिवा लागतो, त्याचे काम पूर्वी ही करकर करीत होती, असे म्हटल्यास ते अवास्तव ठरू नये.

1899 ते 1901 या तीन वर्षांत हैदराबादेहून मनमाडपर्यंत गोदावरी खोऱ्यातला मीटरगेज लोहमार्ग टप्प्याटप्प्याने खुला झाला आणि मुदखेड त्या मार्गावर आले. पुढे भोकर, हिमायतनगर, किनवटच्या अंगाने आदिलाबादकडे जाणारा फाटा येथूनच फुटल्याने ते जंक्शन बनले. तांड्यांचा मिठाचा व धान्याचा व्यापार या आगगाडीपुढे टिकणे अशक्य होते, आणि तो टिकलाही नाही. निजामी अमदानीत हैदराबाद संस्थानाचे करोडगिरीचे खाते स्वतंत्र असल्याने सरहद्द ओलांडणाऱ्या मालावर जकातीचे ओझे होतेच. त्यात मनमाडला मीटरगेज संपून ब्रॉडगेज सुरू होई, म्हणून मुंबईस निघालेला मराठवाड्याचा कापूस आणि गळिताचे धान्य तेथे एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात भरावे लागे. या मार्गाचे रुंदीकरण विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत रखडले. मराठवाड्याच्या मागासलेपणाची कारणमीमांसा करणारे विद्वान या दुहेरी हमालीचा उल्लेख ओझरताच करतात, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे.

रेल्वेने मात्र दोन शिस्ती या प्रदेशात आणल्या, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने दोन्ही महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी, की प्रत्येक वाघिणीच्या, म्हणजे मालडब्याच्या, अंगावर तिचे रिकामे वजन आणि तिची भारक्षमता रंगवून लिहिलेली असे. म्हणजे किती भरावे हे गाडीवानाच्या अनुमानावर न सोडता ते अंकांत जाहीर करण्यात आले. हीच कल्पना समुद्रावरही आढळते. अतिभाराने बुडणाऱ्या जहाजांविरुद्ध सॅम्युअल प्लिमसॉल याने इंग्लंडच्या पार्लमेंटात जो झगडा केला, त्याचे फळ म्हणून 1876 च्या कायद्याने ब्रिटिश जहाजांच्या कुशीवर भाररेषा रंगवणे सक्तीचे झाले. ती रेषा पाण्याखाली गेली की बंदरावरचा कोणीही निरक्षर खलाशी जहाज जादा भरल्याचे सांगू शके. दुसरी शिस्त गाडीच्या शेवटच्या डब्यामागील तांबड्या दिव्याची. हा दिवा मागून येणाऱ्यास सावध करतोच, पण त्याहून मोठे काम तो स्टेशनमास्तरांसाठी करतो: गाडी समोरून गेली आणि तिच्या शेपटाचा दिवा दिसला तरच ती अखंड आली, वाटेत डबे तुटून राहिले नाहीत, असे मानावयाचे, दिवा दिसला नाही तर मागचा मार्ग मोकळा समजावयाचा नाही. येथे धोक्याची खूण दिवा लागणे ही नव्हे, न लागणे ही आहे. रॉकेलच्या कंदिलांच्या वाती कापणारा, काचा पुसणारा स्टेशनावरचा लॅम्पमन हा तुटपुंज्या पगाराचा नोकर होता, पण साऱ्या मार्गाची सुरक्षितता सायंकाळी त्याच्या हाताखालून जात असे.

मोटारीचे आगमन या मुलखात संथपणे झाले. निजाम स्टेट रेल्वे 1930 साली कंपनीकडून सरकारच्या ताब्यात आली, आणि तिच्याच छत्राखाली जून 1932 मध्ये 27 बसगाड्या व 166 नोकरांनिशी सरकारी रस्ते वाहतुकीचे खाते सुरू झाले. मालमोटारींची खरी रहदारी मात्र हैदराबाद संस्थानावरील पोलीस कारवाईनंतरची, आणि विशेषतः 1954 साली टाटांनी जर्मनीच्या डेमलर-बेंझ कंपनीच्या सहकार्याने मालमोटारी बांधण्यास प्रारंभ केला त्यानंतरची. त्या पिढीतल्या ड्रायव्हरच्या समोर दिवे थोडे आणि काटे अधिक असत: तेलाच्या दाबाचा, पाण्याच्या उष्णतेचा, विजेच्या प्रवाहाचा. काटा वाचावा लागतो, त्याची नेहमीची जागा ठाऊक असावी लागते, आणि तो त्या जागेवरून किंचित ढळला तर काय समजावे याचे शिक्षण क्लीनर म्हणून चार-पाच वर्षे काढल्याखेरीज मिळत नसे. अमेरिकेत 1930 च्या दशकातच हडसन कंपनीने आपल्या मोटारींत काट्यांऐवजी तांबडे दिवे बसवले होते. काट्यांच्या अभिमान्यांनी अशा दिव्यांना मूर्खांचे दिवे म्हणून हिणवले. हिणवणे काहीसे अन्यायाचे होते. रात्री दोन वाजता, पेंगुळलेल्या माणसास ढळलेला काटा दिसण्यापेक्षा पेटलेला दिवा दिसण्याचा संभव पुष्कळ अधिक. तांबडा दिवा म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे लवकर पाहून घ्या, हिरवा वा निळा म्हणजे अमुक चालू आहे एवढीच वर्दी, हा आज सर्वत्र रूढ झालेला संकेत. आणि किल्ली फिरवताच सगळे दिवे क्षणभर लागून विझतात ते दिवेच जिवंत आहेत की नाहीत हे कळावे म्हणून. किल्ली फिरवूनही जो लागत नाही, त्याच्या मौनावर भरवसा ठेवावयाचा नाही, हे शेपटाच्या दिव्याचेच शास्त्र.

परंतु या सर्व दिव्यांत एक उणीव आहे, आणि माझ्या मते मालवाहतुकीच्या इतिहासातला तोच कळीचा मुद्दा आहे. तेल, पाणी, वीज, ब्रेकचा वारा यांची खबर देणारे दिवे झाले. सर्वसामान्य मालमोटारीत माल चुकीचा रचला आहे हे सांगणारा दिवा मात्र आजही नाही. बैल बसकण मारी, उलाळ गाडीचे जू वर उठे. मालमोटार मूग गिळून चालत राहते. मागच्या आसापलीकडे जड माल ठेवला की पुढची चाके हलकी होतात, स्टिअरिंग हाताला नको इतके मऊ लागते, आणि ब्रेक दाबला असता पुढच्या चाकांची पकड सुटते. हीच ती जुनी उलाळ, केवळ बैलांवाचून. तिचा आणखी एक परिणाम गाडीवानांच्या काळी संभवत नव्हता: मागे दबलेल्या गाडीचे पुढचे दिवे वर तोंड करतात, आणि स्वतःचा रस्ता उजळण्याऐवजी समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर झोत टाकतात. हल्लीच्या मोटारगाड्यांत दिव्यांचा झोत खाली-वर करण्याचे एक लहानसे चाक असते ते याचसाठी, आणि डिकी भरून लग्नाला निघालेल्या कुटुंबांपैकी ते फिरवणारे मला फारसे आढळलेले नाही. कचकन ब्रेक लागला असता माल पुढे झेपावतो त्याचा हिशेब युरोपातील मानकांनी असा मांडला आहे, की बांधणीने मालाच्या वजनाच्या आठ-दशांश इतका जोर पुढच्या दिशेने आणि निम्म्याइतका बाजूंना व मागे सोसला पाहिजे. ताडपत्रीवरून एक रस्सा आडवा टाकून फाळक्याला गाठ मारली म्हणजे ही अट पुरी होते अशी समजूत आपल्याकडे आहे. सुदैव हेच त्या समजुतीचे आजवरचे पाठबळ होय.

रचण्याचे काम ड्रायव्हरचे नसून हमालांचे, ही गोष्ट येथे विसरून चालत नाही. क्विंटलभराचे पोते पाठीवर घेऊन फळीवरून हौद्यात चढणारा, आकड्याने ते ओढून थप्पीला लावणारा, जड पोती तळाशी व पुढच्या भिंतीशी भिडवून मधली भेग भरून काढणारा हमाल हाच बैलगाडीच्या त्या जुन्या विद्येचा वारस. महाराष्ट्रात 1969 साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. मुंबईत अण्णासाहेब पाटील आणि पुण्यात बाबा आढाव यांच्या चळवळींनी या वर्गाला प्रतिष्ठा मिळवून दिली, आणि पोत्याचे वजन पन्नास किलोंवर आणावे ही मागणीही त्याच चळवळीतून पुढे आली. पन्नास किलोंचे पोते माणसाच्या कण्याला सोसते, एवढाच त्याचा लाभ नाही. ते हवे तेथे ठेवता येते. क्विंटलाचे पोते जेथे पडेल तेथेच राहते.

सरकारने दिव्याची उणीव कायद्याने भरून काढण्याचा यत्न केला. ब्रिटिश हिंदुस्थानात 1914 व 1939 साली आणि स्वतंत्र भारतात 1988 साली मोटार वाहनांचे कायदे झाले. प्रत्येक मालमोटारीच्या अंगावर तिचे रिकामे वजन व भरलेले अनुज्ञेय वजन रंगवलेले असते, ते वाघिणीच्या आणि प्लिमसॉलच्या रेषेच्याच परंपरेतले. फरक एवढाच, की जहाजाची रेषा पाणी वाचते आणि मोटारीवरचे अंक रंगाऱ्याशिवाय कोणी वाचत नाही. 2018 साली दोन आसांच्या मालमोटारीची मर्यादा 16.2 टनांवरून 18.5 टनांवर नेण्यात आली, आणि 2019 च्या दुरुस्तीने अतिभाराचा दंड 20,000 रुपये व वरच्या प्रत्येक टनामागे 2,000 रुपये ठरला. वजनकाट्यावर एकूण वजन कळते, ते आसाच्या पुढे आहे की मागे हे मात्र सहसा विचारले जात नाही. कायद्याच्या चौकटीत बसणारी मोटारही उलाळ असू शकते.

साखर हंगामात मुदखेडच्या आसमंतात ही सारी युगे एकाच रस्त्यावर पाहावयास मिळतात. भाऊराव चव्हाण कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या टायरगाड्या, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, आणि त्यांच्यामधून वाट काढणारे फुलांचे टेम्पो. फुलांचा भार वजनाचा नसून आकाराचा असतो. करंड्यांवर करंड्या चढवून टेम्पो उंच होतो, वारा त्याला हेलकावतो, पण काट्यावर तो निर्दोष ठरतो. ट्रॉलीच्या मागे नियमाने 155 मीटरांवरून दिसेल असा तांबडा दिवा हवा; प्रत्यक्षात लोंबत्या वाढ्यांनी तो झाकलेला असतो, म्हणून परावर्तक पट्ट्या चिकटवण्याच्या मोहिमा दर हंगामात काढाव्या लागतात. जुन्या कंदिलाचे तेवढे काम अजून शिल्लक आहे. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या नियमांनी नव्या मोटारींत संवेदकांची आणि पिवळ्या दिव्यांची संख्या पुष्कळ वाढवली. यांपैकी काहींचा अर्थ गावच्या मिस्त्रीला संगणक जोडल्याखेरीज लागत नाही, आणि तो जोडण्यासाठी नांदेड गाठावे लागते. त्यामुळे पिवळ्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावून हंगाम उरकणारे महाभाग आहेत. तेच लोक मुक्कामावर उतरताच टॉमी घेऊन सगळ्या टायरांवर एकेक ठोका मारतात, आवाजावरून हवा ओळखतात, आणि पाट्यांच्या कमानी किती दबल्या आहेत हे वाकून पाहिल्याशिवाय चहाला जात नाहीत.