तीन डॉलरचा वाद

चष्म्याचा नंबर काढून देणाऱ्याला आपण सरसकट ‘डॉक्टर’ म्हणतो. पुष्कळदा तो असतो दृष्टिमापनतज्ज्ञ, म्हणजे ऑप्टोमेट्रिस्ट. हा व्यवसाय डॉक्टरकीहून वेगळा कसा झाला, हे पाहण्यासाठी आपल्याला १८९२ च्या न्यूयॉर्कला जावे लागेल.

चार्ल्स प्रेंटिस हा चष्मेवाल्याचा मुलगा, जर्मनीत यंत्रशास्त्र शिकलेला. एक मीटर अंतरावर प्रकाशकिरण एक सेंटिमीटर ढळवणारा लोलक म्हणजे एक ‘प्रिझम डायॉप्टर’, हे आजही वापरात असलेले एकक त्याचेच. (शाळेतला लोलक याच्या कितीतरी पट ढळवतो!) इतर चष्मेवाले तपासणी फुकट करून चष्म्याचे पैसे घेत, प्रेंटिस तपासणीचे तीन डॉलर वेगळे घेई. त्याने एक रुग्ण नेत्रतज्ज्ञ डॉ. हेन्री नॉइज यांच्याकडे पाठवला, तेव्हा नॉइज यांनी नेमका या फीलाच आक्षेप घेतला. प्रकरण परवान्याविना वैद्यकी केल्याच्या आरोपापर्यंत चिघळले. प्रेंटिसचे म्हणणे असे, की भिंग म्हणजे औषध नव्हे. किरण वळवणे हे भौतिकशास्त्र आहे.

डॉक्टरांची बाजू अगदीच पोकळ होती असे आम्हांला वाटत नाही. काचबिंदूचा रोगी नुसता नंबर बदलून घरी गेला, तर गेलेली दृष्टी परत येत नाही. म्हणूनच परवाना आणि शिक्षण दोन्ही आले: मिनेसोटात १९०१ साली पहिला कायदा, न्यूयॉर्कमध्ये १९०८ साली, आणि १९१० मध्ये कोलंबिया विद्यापीठात अभ्यासक्रम.

आपल्याकडे बारावी विज्ञाननंतर चार वर्षांची पदवी घेता येते. केंद्रीय कायद्याची चौकट मात्र या व्यवसायाला मिळाली ती २०२१ साली.