यादीबाहेरचे यंत्र

करंजाडे ही पनवेलजवळची सिडकोची वसाहत. इथल्या घरातून जुना डिशवॉशर काढणे तसे सोपे: प्लग काढायचा, पाण्याची तोटी बंद करायची, दोन्ही नळ्या सोडवायच्या, तळात साचलेले पाणी पुसून घ्यायचे. खरा प्रश्न जिना उतरल्यावर. हे धूड आता कोणाचे?

पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने भांडी धुणाऱ्या यंत्राचे पेटंट अमेरिकेत जोसेफीन कॉक्रेन यांनी १८८६ साली घेतले. आपल्याकडे राख, काथ्या आणि स्वस्तातले हात होते. यंत्र उशिरा आले. कायद्याला तर ते त्याहून उशिरा दिसले. ई-कचऱ्याचे पहिले नियम २०११ साली निघाले. त्यांच्या यादीत टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, एसी होते, डिशवॉशर नव्हता. २०१६ च्या नियमांतही नव्हता. वॉशिंग मशीनचा हा सख्खा भाऊ, तरी त्याची जबाबदारी उत्पादकावर नव्हती!

मग उरला भंगारवाला. त्याचा हिशेब आम्हाला चुकीचा वाटत नाही: स्टेनलेस स्टीलचे पोट आणि मोटारीतले तांबे विकले जाते. आवाज कमी करणारे डांबरी थर कोण घेणार? तांब्यासाठी तारा जाळल्या, तर त्यांच्या पीव्हीसी वेष्टनातून डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये तयार होतात.

१ एप्रिल २०२३ पासून नवे नियम लागू झाले आणि डिशवॉशर यादीत आला. आता उत्पादकाला नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्रांमार्फत ठरलेले उद्दिष्ट गाठावे लागते. जिन्याखाली मात्र अजूनही तराजू घेऊन आधी पोचतो तो भंगारवालाच.