अस्सल, पण कोणत्या सालचं?

समजा, बीटल्सची गाणी वाजवणाऱ्या ट्रिब्यूट बँडसाठी तुम्हाला व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर बास गिटार घ्यायची आहे. कंपनीने जुन्या धाटणीची दोन मॉडेलं नव्याने काढलीत, '६१ आणि '६३. कुठली घ्याल?

पॉल मॅकार्टनीने पहिली हॉफनर १९६१ मध्ये हॅम्बुर्गला घेतली, साधारण ३० पौंडांना. तिचे दोन्ही पिकअप, म्हणजे तारांचं कंपन टिपणारे चुंबकी भाग, मानेजवळ एकमेकांना खेटून होते. १९६३ मध्ये मिळालेल्या दुसरीत एक पिकअप मागे, ब्रिजकडे सरकला. तेव्हा कॅव्हर्न क्लबचे सुरुवातीचे दिवस उभे करायचे तर '६१. १९६९ची लंडनमधली गच्चीवरची मैफल करायची तर '६३. जुना फोटो हातात आला की आधी हे अंतर बघा, चेहरे नंतर!

खरी गोम पुढे आहे. पहिली गिटार १९६४ मध्ये पुन्हा रंगवली गेली, दोन्ही पिकअप एका लाकडी चौकटीत बसवले गेले. १९७२ मध्ये ती लंडनमध्ये चोरीला गेली आणि थेट २०२४ मध्ये ती परत मिळाल्याचं जाहीर झालं. म्हणजे सापडलेली वस्तू शंभर टक्के अस्सल, पण दिसते १९६४ची. (मूळ साधन मिळालं म्हणून मीही आधी हुरळले होते.) कॅव्हर्नच्या कार्यक्रमासाठी मी तरी नक्कलच घेईन.