सोमवारचं धुणं

आमच्या घरी कपडे धुण्याचं यंत्र आलं ते १९९४ च्या दिवाळीत. दोन टबांचं होतं. डाव्या टबात धुवायचं, उजव्यात पिळायचं. मोरीत ते मावेना, म्हणून मागच्या पडवीत ठेवलं. नळाला पाणी सकाळी तासभरच येई. त्यामुळे पिंपातलं पाणी बादल्यांनी आणून यंत्रात ओतायचं आणि मग बटण फिरवायचं. पहिल्या दिवशी आजी स्टूल घेऊन समोरच बसल्या. तळाची चकती थोडा वेळ इकडे, थोडा वेळ तिकडे फिरते आहे हे त्यांनी नीट पाहून घेतलं आणि म्हणाल्या, "हे नुसतंच ढवळतंय. कॉलर कोण घासणार?"

प्रश्न बरोबर होता. पुढे कितीतरी दिवस कॉलर आणि बाह्यांच्या कडा आधी साबणाच्या वडीने घासून मगच कपडे यंत्रात जात.

दोन-तीन महिन्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात आली. पूर्वी मुलांचा गणवेश दोन दिवस चाले, आता तो रोज धुण्यात पडू लागला. चादरी महिन्यातून दोनदा निघत, त्या दर रविवारी निघू लागल्या. एकदा पुसून झालेला पंचाही "टाक यंत्रात" म्हणून टबात जाई. धुणं सोपं झालं होतं खरं, पण ते वाढलंही होतं.

'यंत्रामुळे श्रम व वेळ वाचतो' हे वाक्य आपण निबंधात मुलांकडून किती वेळा लिहून घेतो! पण श्रम आणि वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक वाचली म्हणजे दुसरी वाचलीच, असं नाही. हे तपासून पाहायला अमेरिकेचा इतिहास सोयीचा आहे. घरगुती यंत्रं तिथे लवकर आणि मोठ्या संख्येने पोचली आणि त्यांच्या नोंदीही राहिल्या.

एकोणिसाव्या शतकातलं एखादं अमेरिकी घर डोळ्यांपुढे आणा. आठवड्याचं धुणं सोमवारी. रविवारी रात्रीच कपडे भिजत घालायचे. पहाटे उठून चूल पेटवायची, विहिरीवरून किंवा पंपावरून पाणी आणून तापवायचं, कपडे घासायचे, उकळायचे, खळबळायचे, नीळ घालायची, खळ द्यायची, पिळून वाळत टाकायचे. इस्त्री मंगळवारी. एकदा धुणं, एकदा उकळणं आणि एकदा खळबळणं एवढ्याला सुमारे ५० गॅलन, म्हणजे १९० लिटर पाणी लागे. एका लिटरचं वजन एक किलोग्रॅम हे आपण शिकवतोच. तेव्हा एका धुण्याला जवळजवळ १९० किलोग्रॅम पाणी वाहून आणावं लागे, आणि तेवढंच पुन्हा बाहेर नेऊन ओतावं लागे. आपल्याकडे कपडे नदीवर जात. कडक थंडीच्या मुलखात पाण्यालाच घरी आणावं लागे. हा फरक हवामानाचा. कंबर दोन्हीकडे सारखीच मोडे.

आणि हे सगळं पुरातन काळापासून असंच चालत आलं होतं असंही नाही. गिरण्यांचं सुती कापड स्वस्त झालं, तसे लोकांकडचे कपडे वाढले. आधीचे लोकरीचे जाड कपडे क्वचितच धुतले जात. सुती कपडा धुता येतो म्हणून धुतला जाऊ लागला. म्हणजे एका यंत्राने कातण्या-विणण्याचं काम घरातून नेलं आणि त्याच्या बदल्यात धुणं वाढवून ठेवलं.

यावर उपाय शोधणारे पुष्कळ होते. जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गच्या याकोब ख्रिस्तियान शेफर या पाद्री निसर्गअभ्यासकाने १७६७ मध्ये धुण्याच्या यंत्राचा आराखडा छापला. इंग्लंडमध्ये हेन्री सिजियर याने १७८२ मध्ये फिरत्या पिंपाच्या यंत्राचं पेटंट घेतलं. 'विजेच्या यंत्राचा शोध कोणी लावला?' या प्रश्नाला सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत 'अल्वा फिशर, १९१०' असं उत्तर असतं. फिशरचं पेटंट १९१० चं आहे हे खरं, पण विजेची यंत्रं त्याआधीच विकली जात होती. असे शोध एका माणसाच्या नावावर टाकायची सवय आपण सोडलेली बरी.

या सुरुवातीच्या यंत्रांत कपडे रबरी लाटण्यांच्या जोडीतून पिळून काढत. त्यात बोटं सापडत, लहान मुलांचे हात कोपरापर्यंत ओढले जात. शिवाय वीज होती ती शहरांत. १९३५ च्या सुमाराला अमेरिकेतल्या दहा शेतघरांपैकी जेमतेम एका घरी वीज होती. धुणं, खळबळणं आणि पिळणं आपलं आपण करणारं बेंडिक्स कंपनीचं घरगुती यंत्र १९३७ मध्ये आलं. ते इतकं हादरे की जमिनीला बोल्टने आवळून ठेवावं लागे.

का हादरे, ते वर्गात गणित करून दाखवता येईल. पिळण्याच्या टबाची त्रिज्या १२ सेंटिमीटर आणि वेग मिनिटाला १३०० फेरे धरा. कडेचं त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे २२५ पट येतं. टबात एका बाजूला ओली चादर गोळा झाली तर काय होईल, हे मुलं स्वतःच सांगतील. पाणी 'बाहेर फेकलं' जातं असं आपण म्हणतो. खरं तर कपड्याला टबाची भिंत वर्तुळात अडवून धरते, आणि भोकापाशी आलेल्या पाण्याला अडवायला काहीच नसतं.

यंत्राइतकाच मोठा बदल पावडरीत झाला. कठीण पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी संयोग पावून न विरघळणारा साका तयार करतात. हाताने धुताना तो पाण्याबरोबर बराचसा वाहून जातो. यंत्राच्या टबात तोच पुन्हा कपड्यांवर बसतो. आमचे पांढरे पंचे राखाडी आणि करकरीत का झाले ते कळायला आम्हाला वर्ष लागलं. आमचं बोअरिंगचं पाणी आणि आजींची साबणाची वडी यांचा तो संयुक्त उद्योग होता! कठीण पाण्यातही चालणारी टाइड ही पावडर अमेरिकेत १९४६ मध्ये आली, आणि यंत्रांचा प्रसार झपाट्याने होण्यात अशा पावडरींचा मोठा वाटा आहे. पुढे नद्यांवर फेसाचे थर दिसू लागले, कारण त्यातल्या फांद्या असलेल्या रेणूंचं विघटन जिवाणूंना नीट करता येत नव्हतं. १९६५ च्या सुमाराला तिथल्या उद्योगाने सरळ साखळीचे रेणू वापरायला सुरुवात केली.

आता वेळेकडे येऊ. जोअ‍ॅन व्हॅनेक यांनी १९७४ मध्ये अमेरिकी गृहिणींच्या वेळेच्या जुन्या नोंदी एकत्र करून तपासल्या. नोकरी न करणारी गृहिणी १९२४ मध्ये आठवड्याला सुमारे ५२ तास घरकाम करत होती. १९६० नंतरच्या दशकात हा आकडा ५५ होता. घरात नळ आला, गरम पाणी आलं, यंत्र आलं, पावडर आली, आणि धुण्याचा वेळ कमी न होता थोडा वाढलाच. इतिहासकार रूथ श्वार्त्झ कॉवन यांनी १९८३ मधल्या आपल्या पुस्तकात याचा उलगडा केला. एकीकडे स्वच्छतेची अपेक्षा वाढली. दुसरीकडे, पूर्वी धोबिणीकडे किंवा लाँड्रीत जाणारं धुणं यंत्रामुळे घरात परत आलं आणि एकट्या गृहिणीच्या अंगावर पडलं.

याउलट एक साक्ष स्वीडनची. आकडेवारीचे प्रसिद्ध अभ्यासक हान्स रोसलिंग यांनी २०१० मध्ये एका भाषणात आपल्या लहानपणची आठवण सांगितली. घरी यंत्र आलं तेव्हा ते चार वर्षांचे होते. सरपणावर पाणी तापवून सात मुलांचे कपडे हाताने धुतलेल्या त्यांच्या आजीने बटण दाबायचा मान घेतला आणि धुणं संपेपर्यंत ती यंत्रासमोर बसून राहिली. आई मात्र कपडे आत टाकून मुलाला म्हणाली, चल, आपण ग्रंथालयात जाऊ.

दोघांपैकी खरं कोण? आमच्या मते दोघंही. व्हॅनेक यांच्याच नोंदींत नोकरी करणाऱ्या स्त्रिया गृहिणींच्या निम्माच वेळ, आठवड्याला सुमारे २६ तास, घरकाम करत होत्या. मोकळा झालेला वेळ ग्रंथालयात जातो की आणखी चादरींत, हे घर ठरवतं. आपल्याकडच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरचं बिनमोल काम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या आणि पुरुष ९७. बटण फिरवायला तर ताकद लागत नाही!

या हिशोबात एक व्यक्ती सहसा धरलीच जात नाही: दुसऱ्यांचे कपडे धुऊन पोट भरणारी. अमेरिकेत अटलांटा शहरात हे काम प्रामुख्याने कृष्णवर्णीय स्त्रिया करत. जुलै १८८१ मध्ये त्यांच्यापैकी वीसेक जणींनी संघटना केली, बारा पौंड धुण्याला एक डॉलर असा दर मागितला आणि काम थांबवलं. दारोदार फिरून तीन आठवड्यांत त्यांनी सुमारे तीन हजार जणी जमवल्या. नगरपालिकेने वर्षाला २५ डॉलरचा परवाना लादायची धमकी दिली, तेव्हा त्यांनी कळवलं, परवाना भरू, पण दर आम्ही ठरवू. अशा स्त्रियांचं काम पुढे वाफेच्या लाँड्र्यांनी आणि घरगुती यंत्रांनी घेतलं. यंत्राच्या शोधाच्या गोष्टीत त्यांचं नाव येत नाही. आपल्याकडच्या परीटघाटांची गोष्टही अशीच, अर्धी सांगितलेली.

आमच्याकडे धुण्याला मावशी येत. यंत्र आल्यावर त्यांचं धुण्याचं काम बंद करून भांडी तेवढी ठेवली. तेव्हा ते आम्हाला अगदी सरळ हिशोबाचं वाटलं. त्यांच्या महिन्याच्या पैशातून किती गेले, ते आम्ही मोजलं नाही. एका रविवारी धुणं अर्ध्यावर असताना वीज गेली. टब साबणाच्या पाण्याने भरलेला, चादरी आत, आणि संध्याकाळी पाहुणे यायचे. भांडी घासायला आलेल्या मावशींनी एकदा यंत्राकडे पाहिलं, पदर खोचला, चादरी बाहेर काढून मोरीत नेल्या, खळबळल्या, आणि आजींच्या हाती एक टोक देऊन दोघींनी मिळून पिळल्या. "वहिनी, दोरी बांधा आता," एवढंच त्या म्हणाल्या. त्या कामाचे वेगळे पैसे दिले होते की नाही, हे आता आमच्या दोघांपैकी कोणालाच आठवत नाही.