पाण्याचा सातबारा

माझ्या माणगावला दर्या नाही, काळ नदी आहे. पण पाणी कुणाचं, हा सवाल आमच्याकडं जुनाच. पलीकडं महाड. तिथल्या नगरपालिकेनं १९२४ ला चवदार तळं सगळ्यांना खुलं केलं, कागदावर. ओंजळ भरायला २० मार्च १९२७ उजाडावं लागलं. बाबासाहेब पुढं चालले तेव्हा. मग कोर्टकज्जा, हायकोर्टाचा निकाल १९३७ ला.

आता आमच्याच जिल्ह्यातलं उरण बघा. न्हावा-शेवा बंदर १९८९ ला सुरू झालं. पुढं खाडीत भराव पडत गेले, कोळ्यांची मासेमारी आटली. हरित लवादानं २०१५ ला भरपाईचा हुकूम दिला : १६३० कुटुंबं, ९५ कोटी १९ लाख. म्हणजे हक्क होता, हे मान्य झालं. पण पैसा खर्चून संपतो. जाळं टाकायची जागा परत येत नाही.

वरळीचे कोळी आधीच जागे झाले. सागरी रस्त्याच्या पुलाच्या खांबांत ६० मीटर अंतर ठरलं होतं. होड्या आपटतील म्हणून त्यांनी काम अडवलं, १६० मागितलं. डिसेंबर २०२२ ला १२० कबूल झालं. कमीच, पण वाट राहिली.

कुणी म्हणंल, कोळीवाड्यानं आपल्याला कधी पाणी पाजलं? म्हणू दे. पाण्याला सातबारा नसतो, रोजचा वापर हाच दाखला, हे महाडनं आपल्याला शिकवलंय. भराव पडायच्या आधी कोळ्याशेजारी आपण उभं राहिलं पाहिजे.