स्ट्यूअर्ट, टोनी

(२० मे १९७१– ). अमेरिकन मोटारशर्यतपटू व संघमालक. पूर्ण नाव अँथनी वेन स्ट्यूअर्ट. जन्म इंडियाना राज्यातील कोलंबस येथे. बालपणीच तो गो-कार्ट या छोट्या, उघड्या गाडीच्या शर्यतींत उतरला. १९८३ व १९८७ मध्ये त्याने कार्टिंगची राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळविली. पुढे मातीच्या व डांबरी धावपट्ट्यांवर हलक्या, शक्तिमान गाड्या हाकताना त्याचे कौशल्य घडले. मिजेट, स्प्रिंट व सिल्व्हर क्राउन या अशा गाड्यांच्या तिन्ही प्रकारांची राष्ट्रीय विजेतेपदे एकाच वर्षी (१९९५) जिंकणारा तो पहिला चालक ठरला. १९९७ मध्ये त्याने इंडी रेसिंग लीग या इंडीकार मालिकेचे अजिंक्यपद पटकाविले.

त्यानंतर तो स्टॉक-कार शर्यतींकडे वळला. स्टॉक-कार ही बाह्यतः नेहमीच्या मोटारीसारखी, पण खास शर्यतीसाठी बांधलेली जड गाडी. १९९९ मध्ये जो गिब्ज यांच्या संघातून नॅस्कार या स्टॉक-कार शर्यती भरविणाऱ्या संघटनेच्या सर्वोच्च मालिकेत येताच त्याने पहिल्याच हंगामात तीन शर्यती जिंकल्या. २००२, २००५ व २०११ मध्ये तो या मालिकेचा विजेता झाला. २०११ मध्ये प्रतिस्पर्धी चालक कार्ल एडवर्ड्‌सशी गुणांची बरोबरी झाली; तथापि अधिक शर्यती जिंकल्याने किताब स्ट्यूअर्टला मिळाला. त्या वेळी तो स्वतःच्या सहमालकीच्या संघाकडून शर्यतींत उतरत होता.

४९ विजयांनंतर २०१६ अखेर तो या मालिकेतून निवृत्त झाला. २०२० मध्ये त्याचा नॅस्कारच्या सन्मान-दालनात समावेश झाला. इंडीकार व नॅस्कार या दोन्ही मालिकांची अजिंक्यपदे मिळविणे हे त्याचे असामान्य कर्तृत्व होय.