वचनाचा पुरावा आणि साताऱ्याचा एक जुना वाद

१८३४ साली साताऱ्याच्या नारायणरावांचं 'स्वदेशधर्माभिमानी' हे पुस्तक निघालं. मुंबईचे स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन हिंदू धर्मावर जी टीका करत होते, तिला ते उत्तर होतं. विल्सनही गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. त्याच वर्षी त्यांनी इंग्रजीत एक आख्खं पुस्तक छापून उलट उत्तर दिलं आणि ते साताऱ्याच्या नारायणरावांना आहे, हे शीर्षकातच नोंदवलं. आज नारायणरावांचं नाव साताऱ्यातही फारसं कुणाला ठाऊक नाही. माझं बालपण त्या गावात गेलं. प्रतापसिंह महाराजांच्या गोष्टी ऐकल्या, अजिंक्यतारा पालथा घातला. पण या वादाचं नाव शाळेत कधी कानावर आलं नाही.

वादाची सुरुवात मुंबईत झाली होती. विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले. मराठी शिकले, संस्कृत शिकले आणि लवकरच ब्राह्मण पंडितांना जाहीर चर्चेचं आव्हान देऊ लागले. १८३१ मध्ये मोरभट दांडेकरांशी त्यांची चर्चा झाली. तिच्यानंतर मोरभटांनी 'हिंदुधर्मस्थापना' लिहिलं, १८३२ मध्ये विल्सननी त्याचं खंडन छापलं, आणि मग नारायणराव उतरले. छापखाना मराठीत नवा होता. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' १८३२ चं. म्हणजे छापील मराठी गद्य जेमतेम उभं राहत होतं, आणि ते हाताशी आल्याबरोबर आपण त्याचं जे काही केलं, त्यात धर्मावरून भांडणं हे एक ठळक काम होतं.

या भांडणाची पद्धत मला लक्षात घेण्यासारखी वाटते. मिशनऱ्यांच्या हातातलं एक मोठं हत्यार होतं भूगोल. पुराणांतला मेरू पर्वत, जंबुद्वीप, त्याभोवतीचे खारट पाण्याचे, उसाच्या रसाचे, मद्याचे, तुपाचे, दह्याचे, दुधाचे समुद्र हे सगळं नकाशावर दाखवा, असा त्यांचा सवाल असे. जहाजं पृथ्वीला वळसा घालून आली, त्यांना तुपाचा समुद्र लागला नाही; मग पुराण खोटं, आणि ज्या ग्रंथात एवढी ढळढळीत चूक आहे, तो ईश्वराचा कसा? कलियुग ४,३२,००० वर्षांचं, हाही चेष्टेचा विषय. याच मिशनऱ्यांच्या देशातल्या इंग्रजी बायबलांच्या समासात मात्र आर्चबिशप अशरने मांडलेलं सृष्टीच्या उत्पत्तीचं साल छापलेलं असे: इसवी सनापूर्वी ४००४.

ही फूटपट्टी दुसऱ्याच्या हातात गेली की काय होतं, ते उघड आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात उजेड पहिल्या दिवशी होतो आणि सूर्य चौथ्या दिवशी. यहोशवाच्या दहाव्या अध्यायात लढाई पुरी व्हावी म्हणून सूर्य आकाशात थांबतो. उसाच्या रसाचा समुद्र भूगोलात बसत नसेल, तर थांबलेला सूर्य खगोलात कुठे बसवायचा? तुमचे चमत्कार इतिहास आणि आमचे चमत्कार भाकडकथा, हे कोणत्या न्यायाने? इंग्रजी शिकलेली, बायबल मराठीतून वाचू शकणारी माणसं इथे तयार होत होती. अमेरिकन मिशनने नव्या कराराचं मराठी भाषांतर १८२६ मध्ये पुरं केलं होतं. धर्मप्रसारासाठी छापलेला ग्रंथ प्रतिपक्षाच्या हातात आयता पडला होता.

पुढे १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचाऱ्यांनी हाच सामना मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर लोकांसमोर मांडला. १५ जानेवारीपासून दर गुरुवारी संध्याकाळी वाळूवर सभा भरे, एका बाजूला बुवा आणि दुसऱ्या बाजूला मिशनरी. अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन यांनी या चर्चांचा वृत्तान्त इंग्रजीत छापला. बुवांच्या बाजूचा वृत्तान्त त्यांच्या मृत्यूनंतर १८७२ मध्ये निघाला. शेवटची सभा २८ मेची. तोवर मेरठच्या उठावाला अठरा दिवस झाले होते.

या वादांत कोण जिंकलं, असं विचारण्यात अर्थ नाही. दोन्ही बाजूंनी आपणच जिंकलो असं लिहून ठेवलंय. मला त्यांची वचनं वापरण्याची रीत जास्त महत्त्वाची वाटते, आणि त्यासाठी साताऱ्यातलाच थोडा आधीचा एक वाद शेजारी ठेवून बघावा लागतो.

१८३० साली प्रतापसिंह महाराजांच्या साताऱ्यात वेदोक्ताच्या प्रश्नावर पंडितांची सभा झाली. कायस्थ प्रभूंना वेदोक्त कर्माचा अधिकार आहे का, कलियुगात क्षत्रिय उरले आहेत का, असे प्रश्न होते. विरोधी पक्षाच्या पाठीशी सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन उभे होते. सातारा आणि सांगली ही दोन संस्थानं शास्त्रवचनांच्या या लढाईत समोरासमोर होती. तिथे दोन्ही बाजू एकच ग्रंथ मानत होत्या. स्मृतीत काय लिहिलंय हे दाखवलं, की निदान त्या सभेत तो पुरावा ठरत होता. कोर्टात कायद्याचं कलम दाखवावं तसं. कलम न्याय्य आहे की नाही हा प्रश्न वेगळा. पण दोन्ही वकील तेच पुस्तक उघडून बसलेले असतात.

चारच वर्षांनी नारायणराव आणि विल्सन एकमेकांसमोर आले, तेव्हा ही सोय उरली नव्हती. विल्सनना वेद प्रमाण नाही, नारायणरावांना बायबल प्रमाण नाही. अशा ठिकाणी स्वतःच्या ग्रंथातलं वचन समोरच्याला काहीच सिद्ध करून देत नाही. मग वचनाचा एकच उपयोग उरतो: समोरच्याचं पुस्तक उघडायचं, त्यातली अडचणीची ओळ काढायची आणि त्याच्या तोंडावर टाकायची. मिशनरी पुराणं वाचू लागले आणि शास्त्री बायबल वाचू लागले, ते असे. दुसऱ्याचं पुस्तक शब्दशः वाचायचं आणि आपलं पुस्तक रूपक म्हणून वाचायचं, ही या वादांतली खरी युक्ती आहे. तुपाचा समुद्र म्हणजे तुपाचाच, पण सहा दिवस म्हणजे सहा युगं. किंवा उलट. पाहणारा प्रत्येक जण आपापल्या बाजूची युक्ती विसरतो आणि दुसऱ्याची तेवढी पकडतो.

खरं तर दोन्ही परंपरांतल्या जुन्या, मोठ्या माणसांनी यातला धोका आधीच ओळखला होता. ऑगस्टीनने पंधराव्या-सोळाव्या शतकांच्या कितीतरी आधी बजावलं होतं, की आकाश-पृथ्वीबद्दल जे अनुभवाने कळतं, त्याविरुद्ध कुणी ख्रिस्ती माणूस धर्मग्रंथाचा दाखला देऊन बरळू लागला तर हसू त्याचं एकट्याचं होत नाही, ग्रंथाचंही होतं. गॅलिलिओने १६१५ च्या आपल्या प्रसिद्ध पत्रात याच ऑगस्टीनचा आधार घेतला. यहोशवाच्या त्या थांबलेल्या सूर्याचा दाखला तेव्हा त्याच्याविरुद्ध दिला जात होता. आपल्याकडे शंकराचार्य म्हणून गेले, की शंभर श्रुतींनी अग्नी थंड आहे असं सांगितलं तरी ते प्रमाण होत नाही. आणि बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी गोलाध्यायात विचारलं, की पृथ्वीला उचलून धरायला कुणी लागत असेल, तर त्या उचलणाऱ्याला कोण उचलतं? पुराणांतल्या भूगोलावरचा हा आक्षेप घ्यायला विल्सन यायची गरज नव्हती. १८३६ मध्ये सिहोरच्या विल्किन्सनसाहेबांच्या आश्रयाला असलेल्या सुबाजी बापूंनी पुराणं, सिद्धान्तग्रंथ आणि कोपर्निकस यांची तुलना केली, ती भास्कराचार्यांना हाताशी धरूनच.

हे मी लिहितोय, कारण वचनाची ही लढाई मी अगदी जवळून पाहिली आहे. सांगलीला इंजिनिअरिंग करत असताना होस्टेलवर आमच्या मजल्यावर एक मुलगा मिरजेकडच्या ख्रिस्ती कुटुंबातला होता. रात्री मेसनंतर वाद रंगायचे. एकजण त्याला यहोशवाचा सूर्य ऐकवायचा. तो ईयोबाच्या सव्विसाव्या अध्यायातलं सातवं वचन काढायचा. देवाने पृथ्वी निराधार टांगली आहे, असा त्याचा आशय. बघा, गुरुत्वाकर्षण हजारो वर्षांपूर्वी! मग दुसरा कुणीतरी उसळून म्हणायचा, यात काय, आमच्याकडे एक कल्प ४३२ कोटी वर्षांचा आहे, पृथ्वीचं वय जवळपास तेवढंच निघालं. आणि मग सगळे एकदम बोलायला लागायचे.

ईयोबाच्याच अडतिसाव्या अध्यायात देव पृथ्वीच्या पायाबद्दल आणि कोनशिलेबद्दल विचारतो. सव्विसावा अध्याय विज्ञान म्हणून घ्यायचा आणि अडतिसावा काव्य म्हणून, हे ठरवायला आधी विज्ञान माहीत असावं लागतं. म्हणजे उत्तर बाहेरून येतं आणि वचन नंतर शोधलं जातं. कल्पाचंही तसंच. क्लेअर पॅटरसनने १९५६ मध्ये उल्केतल्या शिशाच्या मोजमापावरून पृथ्वीचं वय सुमारे ४५५ कोटी वर्षं काढलं, आणि आमच्या मजल्यावर कल्पाचा आकडा त्याच्याशी जुळवला जात होता, तो हे उत्तर हाती आल्यानंतर. आमच्या कामात प्रोग्रामचा आउटपुट आधी पाहून मग त्याला जुळेल अशी टेस्ट लिहिली, तर ती टेस्ट नेहमीच पास होते आणि काहीच सांगत नाही. जुळलेलं वचन असंच असतं.

या खेळात हरतो तो मात्र प्रत्यक्ष वाद घालणारा नसतो. त्या मुलाच्या घरी आजीचं मराठी बायबल होतं. पानांच्या कडा काळवंडलेल्या, समासात मुलांच्या जन्मतारखा लिहिलेल्या. आमच्या मजल्यावरच्या वादांनी त्याच्यासमोर हिशेब असा मांडला होता, की यहोशवाचा सूर्य थांबला असेल तर भौतिकशास्त्र खोटं, आणि थांबला नसेल तर आजी खोटी. नापास झालेल्या एका वचनाबरोबर आख्खं घर नापास. असा हिशेब कुणालाही कशाला मांडायला लावावा? आणि तो मांडायला लावणारे फक्त नास्तिक नसतात. ग्रंथात सगळं विज्ञान आहे, असं अभिमानाने सांगणाराही त्याच सापळ्याची दुसरी बाजू धरून असतो. त्याने आजीच्या पुस्तकाला प्रयोगशाळेच्या परीक्षेला बसवलेलं असतं, तेही तिला न विचारता.

याला उत्तर म्हणून मला त्याच काळातला एक मिशनरी आठवतो. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश माणूस १८४० च्या दशकात नागपूरला आला, त्याने शाळा काढली, धर्म सांगितला आणि फावल्या वेळात हातोडा घेऊन खडक फोडले. नागपूरजवळ टाकळी इथे लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये त्याला गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांचे आणि वनस्पतींचे जीवाश्म सापडले. म्हणजे एक लाव्हा वाहिला, थंड झाला, त्यावर तळी साचली, जीव नांदले, आणि मग पुन्हा लाव्हा. हे सहा हजार वर्षांच्या हिशेबात कोंबायला फार अवघड आहे. हिस्लॉपने जे दिसलं ते लिहिलं. आपला धर्मही सोडला नाही. १८६३ मध्ये टाकळघाटजवळची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना तो पुरात बुडून गेला. आपल्या सह्याद्रीचे पायऱ्यापायऱ्यांचे कडे याच लाव्हाचे आहेत, साधारण सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीचे. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी बसून युगांची की अशरच्या तारखेची बाजू घ्यायची हे भांडणाऱ्यांच्या पाठीमागेच पुरावा उभा होता, आणि तो कुठल्याच बाजूचा नव्हता.

दुसरं उदाहरण सांगलीच्या शेजारचं. विल्यम वॉनलेस हे मिशनरी डॉक्टर होते. १८९४ मध्ये मिरजेत त्यांचं रुग्णालय उभं राहिलं. परक्या गावात येऊन आयुष्य का घालवायचं, याचं उत्तर त्यांना बायबलात मिळालं असेल. रक्तवाहिनी कशी बांधायची, याचं उत्तर तिथे नव्हतं आणि त्यांनी ते तिथे शोधलंही नाही. वचनाची जागा कुठे आहे आणि कुठे नाही, हे इतक्या साधेपणाने दाखवणारं काही मी वादविवादाच्या पुस्तकांत वाचलं नाही.

सातारा जिल्ह्याला एकच फूटपट्टी वापरणाऱ्यांची परंपराही आहे. आगरकर कराडजवळच्या टेंभूचे. त्यांनी ती आधी आपल्याच समाजाला लावली. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. त्यांनी आयुष्यभर सांगितलं, की भांडण देवाशी नाही, देवाच्या नावावर होणाऱ्या फसवणुकीशी आहे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. जे भांडण १८३१ मध्ये मोरभट आणि विल्सन समोरासमोर बसून करू शकले, तेवढंही आपल्याला आज झेपेनासं झालंय की काय, असं तेव्हापासून वाटत राहतं.

आणि फुले. त्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. ते पुण्यात मिशनच्या शाळेत शिकले, मिशनऱ्यांशी त्यांचे चांगले संबंध होते, तरी ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' निघालं. त्यात त्यांची भूमिका स्पष्ट आहे: कुठल्याच धर्मपुस्तकात आरंभापासून शेवटपर्यंत सगळं सत्य नाही. आणि त्यातलं कुटुंब तर आजही धाडसी वाटतं. बायकोने बुद्धाचं पुस्तक वाचून बौद्ध व्हावं, नवऱ्याने बायबल वाचून ख्रिस्ती, मुलीने कुराण वाचून मुसलमान, मुलाने सत्यधर्म घ्यावा, आणि कुणी कुणाचा द्वेष न करता एका घरात राहावं.

मला त्या घरातलं जेवण डोळ्यांपुढे आणायला आवडतं. तिथे वाद होत नसतील असं नाही. भरपूर होत असतील. पण वाद घालणाऱ्या चौघांना रात्री त्याच घरात झोपायचं आहे, सकाळी त्याच चुलीवरचा चहा प्यायचा आहे. अशा ठिकाणी माणूस दुसऱ्याचं पुस्तक उघडतो, ते फक्त अडचणीची ओळ शोधायला उघडत नाही.